पानिपतचा काला अंब : आंबा वाळला, आठवण ओली

मराठी माणूस बोलता बोलता रोज पानिपतला जाऊन येतो. परीक्षेत दांडी उडालेल्या चिरंजीवांचे पानिपत होते, निवडणुकीत अनामत रक्कम घालवून बसलेल्या पुढाऱ्याचे होते आणि पंगतीत ऐन वेळी वरण कमी पडले की यजमानीणबाईंचेही होते. 'विश्वास ठेवा' असे कुणी म्हटले, तर 'विश्वास तर पानिपतावरच गेला' हे उत्तर पुण्यापासून नागपूरपर्यंत ओठांवर तयार असते. अडीचशेहून अधिक वर्षे उलटून गेली, राज्ये गेली, पेशवाई गेली, इंग्रजही गेले. पण त्या एका दिवसाचे दुःख भाषेत असे मुरले आहे की ते दुःख आहे हेही आता बोलणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

आणि तरीही प्रत्यक्ष पानिपत पाहून आलेली कुटुंबे शोधायला गेले तर फारशी सापडत नाहीत. दिल्ली, आग्रा, हरिद्वार, जमले तर वैष्णोदेवी, असा उत्तरेच्या सहलीचा ठरलेला रस्ता असतो. चंदीगड-सिमल्याकडे जाणारी बस मुरथलच्या ढाब्यांवर लोणी थापलेल्या पराठ्यांसाठी हमखास थांबते आणि पुढे पानिपतच्या पुलावरून सुसाट निघून जाते. खिडकीतून पाटी दिसते, कुणीतरी 'अगं बाई, हेच का ते पानिपत!' म्हणते आणि तोवर गाव मागे पडलेले असते.

दिल्लीपासून पानिपत सुमारे ९० किलोमीटर. तिथून आणखी आठेक किलोमीटरवर, उग्राखेडी गावाच्या बाजूला 'काला अंब' आहे. पंजाबीत आंब्याला अंब म्हणतात, त्यामुळे मराठी कानाला हे नाव परके वाटत नाही. परंपरा सांगते की १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवराव भाऊंनी याच जागेवरून मराठी फौजेचे नेतृत्व केले. तेव्हा इथे आंब्याचे एक झाड होते. ते झाड आता नाही.

स्तंभ, कुंपण आणि मोकळे आकाश

मोठे काही पाहायला मिळेल अशा अपेक्षेने जाणाऱ्याची इथे थोडी निराशा होते, हे आधीच सांगितलेले बरे. रायगडाची उंची इथे नाही, शनिवारवाड्याचा दरवाजा नाही, पडक्या तटाचा एखादा बुरूजसुद्धा नाही. सपाट हरियाणवी जमीन, राखलेली हिरवळ, पायवाटा आणि मधोमध लोखंडी कुंपणात उभा असलेला विटांचा एक स्तंभ. त्यात लोखंडी दांडा बसवलेला आहे. बस्स, एवढेच. हरियाणाच्या राज्यपालांच्या अध्यक्षतेखालील एका संस्थेने हा परिसर विकसित करायला घेतला, तेव्हापासून त्याला बागेचे रूप आले. त्याआधी इथे येणाऱ्याला शेतांमधून वाट काढत एकाकी स्तंभापाशी यावे लागे.

मैदानी लढाईचे हे असेच असते. किल्ला पडला तर निदान त्याचे दगड उरतात. मैदानावर माणसे पडली की पुढच्याच हंगामात तिथे गहू उगवतो. मराठ्यांनी छावणीभोवती जो खंदक खणला होता, ज्याच्या आत अडीच महिने लाखभराहून जास्त जीव दाटीवाटीने राहिले, त्याच्या जागी आज शेते, घरे आणि सूतगिरण्या आहेत. म्हणून काला अंबला जायचे तर इतिहास थोडा वाचून जावे. नाही तर मुले दहा मिनिटांत 'आता काय?' म्हणून विचारतील आणि आईवडिलांपाशी उत्तर नसेल.

झाड काळे का झाले?

गावात विचारले की पहिली गोष्ट ऐकायला मिळते ती रक्ताची. इतके रक्त सांडले की जमीन काळी पडली, ते पाणी पिऊन आंब्याची पाने काळी झाली आणि फळ चिरले की त्यातून गडद लाल रस गळू लागला. पुढे झाड वाळले, तेव्हा त्याच्या लाकडाचे दरवाजे बनवले गेले, असेही सांगतात.

गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे, पण झाडे अशी वागत नाहीत. रक्ताने पाने काळी होत नाहीत, फार तर जमिनीला चार दिवस खत मिळते. सरकारी माहितीतही पानांच्या गडद रंगावरूनच हे नाव पडले असावे, असा साधा खुलासा आढळतो. जुन्या, डेरेदार आंब्याची पालवी दुरून काळपटच दिसते, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. पण लोक एवढा साधा खुलासा स्वीकारत नाहीत, यालाही कारण आहे. जिथे एका दिवसात हजारो माणसे कापली गेली, तिथे काहीच खूण उरू नये हे मनाला पटत नाही. मग झाडाला ती खूण व्हावे लागते. आंबा काळा पडला असो वा नसो, आसपासच्या शेतकऱ्यांनी ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, आणि ते शेतकरी मराठे नव्हते.

भूक, थंडी आणि यात्रा

शाळेच्या पुस्तकात पानिपत म्हणजे तलवारी आणि तोफा. प्रत्यक्षात ही लढाई बरीचशी स्वयंपाकघरात हरली गेली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मार्च १७६० मध्ये भाऊ परतूरहून उत्तरेकडे निघाले. त्यांचे वय तेव्हा तिशीच्या आतले. बरोबर पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव, वय अवघे सतरा-अठरा. उदगीरला निजामाचा पराभव करून मिळवलेला आत्मविश्वास ताजा होता. ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली हाती आली, पण तिजोरी रिकामी होती, म्हणून लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासच्या छताची चांदीसुद्धा काढून वितळवावी लागली. ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकला, तिथले धान्य मिळाले. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अहमदशाह अब्दालीने बागपतजवळ भरलेली यमुना ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. पुण्याकडे जाणारी वाट त्याच्या पाठीशी गेली.

आता छावणीत कोण होते ते पाहावे. लढवय्ये होतेच. पण त्यांच्याहून जास्त संख्येने न लढणारी माणसे होती, असे बहुतेक इतिहासकार मानतात. सरदारांची कुटुंबे, दासी, आचारी, बाजारबुणगे, सावकार, कारकून आणि यात्रेकरू. फौजेच्या संरक्षणात मथुरा-वृंदावन, कुरुक्षेत्र, जमल्यास काशी-गया पदरात पाडून घ्यावी, म्हणून कितीतरी लोक सोबत निघाले होते. त्या काळात एकट्यादुकट्याने उत्तरेची यात्रा करणे म्हणजे चोर-दरोडेखोरांच्या हाती जीव देणे, तेव्हा त्यांचा हिशेब अगदीच वेडा नव्हता. परंतु युद्धाला निघालेल्या सेनापतीने पुण्य गाठी बांधायला निघालेल्या हजारो लोकांना नको कसे म्हणावे हा प्रश्न भाऊंना सोडवता आला नाही आणि त्याची किंमत सगळ्यांनी मिळून मोजली. एवढ्या तोंडांना रोज भाकर लागत होती. घोड्यांना, बैलांना, हत्तींना चारा लागत होता.

गोविंदपंत बुंदेले दुआबातून रसद पाठवत होते. डिसेंबर १७६० मध्ये अब्दालीच्या स्वारांनी त्यांना अचानक गाठून मारले आणि रसदीचा तो धागा तुटला. त्यानंतर छावणीत जनावरे मरू लागली, माणसे पाला खाऊ लागली. उत्तरेतली पौषाची थंडी दख्खनच्या माणसाला ठाऊक नव्हती आणि अंगावर कपडे दख्खनचेच होते. एक तपशील असा आहे की तो वाचताना आजही राग येतो. डिसेंबरच्या अखेरीस, जेव्हा पानिपतावर लोक उपाशी होते, त्याच सुमारास पैठणजवळ नानासाहेब पेशव्यांचे दुसरे लग्न लागत होते. पुण्याला उत्तरेची नीट खबर मिळत नव्हती, वाटेत पत्रे अडवली जात होती, हे खरे. पण मुलगा आणि चुलतभाऊ शत्रूच्या विळख्यात असताना पेशव्यांना मांडवात उभे राहवले, हेही खरेच.

१३ जानेवारीला शिपाई भाऊंकडे आले. उपासमारीने मरण्यापेक्षा लढून मरू द्या, एवढीच त्यांची मागणी होती. विडे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे तोंडाला हळद फासून फौज खंदकाबाहेर पडली.

'संक्रांत' कधी होती?

त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती, वार बुधवार. आज १४ जानेवारी म्हटले की तिळगूळ आठवतो, म्हणून संक्रांतीच्या दिवशीच पानिपत झाले असा समज रूढ आहे. मात्र संक्रांतीची इंग्रजी तारीख हळूहळू पुढे सरकत असते, साधारण सत्तर वर्षांत एक दिवस. अठराव्या शतकात ती आजच्यापेक्षा तीन-चार दिवस आधी येत असे. म्हणजे लढाईच्या दिवशी सण होऊन गेलेला होता. उपाशी छावणीत तो कुणी कसा साजरा केला असेल याची कल्पनाच केलेली बरी.

सकाळी नऊच्या सुमारास लढाई सुरू झाली. भाऊंची योजना गोलाच्या लढाईची होती. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि बंदुकी पुढे, घोडदळ त्यांच्या आधाराने आणि न लढणाऱ्या माणसांना मधे घेऊन सगळ्यांनी एकत्र दिल्लीकडे सरकायचे. गारद्यांनी रोहिल्यांची अक्षरशः चाळण केली. पण गनिमी काव्यात वाढलेल्या काही सरदारांना शिस्तीत थांबणे जमले नाही. रोहिले मागे हटताना दिसताच त्यांनी घोडे पुढे घातले आणि आपल्याच तोफांच्या माऱ्यासमोर आडवे आले. गारद्यांना तोफा बंद ठेवाव्या लागल्या. दुपारपर्यंत तरीही मराठ्यांची बाजू वरचढ होती. अब्दालीने मात्र आपली राखीव कुमक तोवर जपून ठेवली होती. दमलेल्या, उपाशी घोड्यांवर ती ताजी फौज येऊन आदळली. त्यातच विश्वासरावांना गोळी लागली. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. अंबारी रिकामी दिसताच फौजेचे धैर्य सुटले. तिसऱ्या प्रहरी सारे संपले होते.

ही हिंदू-मुसलमानांची लढाई होती असे घाईने म्हणणाऱ्यांनी काला अंबच्या स्तंभाजवळ क्षणभर थांबून दोन नावे आठवावीत. इब्राहिमखान गारदी शेवटपर्यंत भाऊंबरोबर राहिला, पकडला गेला आणि हालहाल करून मारला गेला. उलट अब्दालीच्या बाजूला शुजाउद्दौल्याबरोबर अनुपगिरी गोसावी आपल्या गोसाव्यांसह उभा होता. विश्वासरावांचा देह अफगाण सैनिकांच्या हातून सोडवून त्याला विधिपूर्वक अग्नी मिळवून देण्यात याच शुजाची आणि त्याच्या पदरच्या लोकांची खटपट होती. शुजाच्या दफ्तरात काशीराज पंडित नावाचा मूळचा दक्षिणी माणूस होता. त्याने हे सारे डोळ्यांनी पाहिले आणि फारसीत लिहून ठेवले. पानिपतचा आपल्याला मिळालेला सर्वांत जवळचा साक्षीदार शत्रूच्या गोटातला मराठी माणूस आहे!

परत आलेले आणि न आलेले

लढाईनंतरची कत्तल लढाईपेक्षा भयंकर होती. दुसऱ्या दिवशी छावणीत पकडलेल्या पुरुषांना रांगेने मारले गेले, बायका-मुलांना गुलाम म्हणून वाटून घेतले गेले. आकड्यांबद्दल मतभेद आहेत आणि ते कधी मिटतील असे वाटत नाही. मोजणार कोण? पेशव्यांना ही बातमी २४ जानेवारीला भेलशाजवळ कळली ती सावकाराच्या सांकेतिक पत्रातून. मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि खुर्द्याची गणती नाही, अशा व्यापारी भाषेत कुणी तरी तो हिशेब कळवला होता. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे बाकीचे सगळे, म्हणजे कुणाचे तरी वडील, कुणाचा तरी मुलगा, कुणाची यात्रेला निघालेली आजी. पाच महिन्यांनी, जून १७६१ मध्ये, पुण्यात पर्वतीवर नानासाहेब गेले.

वाचले त्यांच्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत. महादजी शिंदे यांच्या पायावर घाव बसला, तो पाय जन्मभर अधू राहिला. त्यांना रणातून उचलून बैलावर घालून नेणारा राणेखान भिस्ती होता. पुढे वैभवाच्या दिवसांतही महादजींनी त्याला भाऊ मानले. नाना फडणवीस तेव्हा एकोणिशीच्या उंबरठ्यावर होते, आईला यात्रा घडवावी म्हणून आले होते. ते स्वतः कसेबसे निसटले, पण आई त्या धावपळीत हरवली ती कायमचीच. नानांनी आपले छोटेसे आत्मचरित्र लिहिले त्यात हा प्रसंग आहे. उत्तरायुष्यात ज्यांच्या एका शब्दावर दरबार हलत असे, त्या माणसाच्या मनात ही एक गोष्ट कुठेतरी बोचत राहिली असणार.

भरतपूरचा सूरजमल जाट युद्धाआधीच भाऊंवर रुसून निघून गेला होता. परंतु उघड्याबोडक्या, जखमी मराठ्यांचे लोंढे त्याच्या राज्यात पोचले तेव्हा त्याने आणि राणी किशोरीने त्यांना अन्न, वस्त्र आणि औषधपाणी दिले आणि ग्वाल्हेरपर्यंत पोचते केले. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहादूर त्याच मुलखात जखमांनी मरण पावला. अब्दालीच्या संतापाची पर्वा न करता हे करणे सोपे नव्हते. मराठी घरांतून राणी किशोरीचे नाव फारसे घेतले जात नाही ही मात्र आपली कृतघ्नता म्हणावी लागेल.

भाऊंचे काय झाले? देह सापडला, ओळखला गेला, त्याला अग्नी दिला गेला, असे त्या काळच्या वृत्तांतावरून दिसते. पण भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते मानले नाही. लोकांनीही मानले नाही. त्यातूनच सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला, त्याच्यामागे हजारो लोक आणि काही किल्लेसुद्धा गेले आणि अखेर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. हरियाणातही एक परंपरा आहे. रोहतक जिल्ह्यातल्या सांघी गावात भाऊ जखमी अवस्थेत आले आणि नाथपंथी साधू होऊन राहिले असे तिथले लोक मानतात, तिथे त्यांच्या नावाचा डेराही आहे. पुरावा म्हणून यात फारसे काही हाती लागत नाही. ज्याचा मृतदेह घरच्यांनी पाहिला नाही, तो माणूस घरच्यांच्या दृष्टीने सहजासहजी मरत नाही, एवढेच यातून दिसते.

हरियाणातले 'मराठे'

काला अंबला १४ जानेवारीच्या सुमारास जाणाऱ्याला एक अनपेक्षित दृश्य दिसते. भगवे फेटे बांधलेले, 'जय भवानी, जय शिवाजी'चा गजर करणारे हजारो लोक, आणि बोली मात्र अस्सल हरियाणवी. हे रोड समाजाचे लोक. पानिपत, कर्नाल, कुरुक्षेत्र या भागांत त्यांची गावेच्या गावे आहेत. लढाईनंतर जंगलात लपून राहिलेल्या, ओळख लपवून शेती करू लागलेल्या मराठा सैनिकांचे आपण वंशज, असे त्यांच्यातले अनेक जण मानतात. कोल्हापूरचे इतिहास संशोधक वसंतराव मोरे यांनी हा दावा मांडल्यानंतर त्याला महाराष्ट्रातही प्रसिद्धी मिळाली. २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये नीरज चोप्राने भालाफेकीत सुवर्णपदक जिंकले, तेव्हा तो पानिपत जिल्ह्यातल्या खंडरा गावचा आणि रोड समाजाचा आहे हे कळल्यावर मराठी वर्तमानपत्रांना पानिपताच्या भाल्यांची आठवण झाली नसती तरच नवल.

मन म्हणते हे खरे असावे. पण सगळेच इतिहासकार हे मान्य करत नाहीत. २०१८ मध्ये वायव्य भारतातल्या समाजांचा एक जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोड समाजाची मुळे त्याच प्रदेशातल्या फार जुन्या वस्त्यांकडे जाताना दिसली. म्हणजे सगळा समाजच पानिपतातून उगवला असे दिसत नाही. काही जखमी मराठे या गावांनी पोटात घेतले असतील, त्यांची आठवण पुढे साऱ्या समाजाची झाली असेल, हे मात्र अशक्य नाही. आणि मुख्य म्हणजे दरवर्षी थंडीत इथे येऊन जे लोक डोके टेकवतात, त्यांचा रक्तगट तपासत बसण्याचा अधिकार वर्षानुवर्षे इकडे न फिरकलेल्या आपल्याला कितीसा आहे?

तिकडे बलुचिस्तानात डेरा बुगटीच्या भागात राहणारे 'बुगटी मराठा' हाही असाच एक धागा. अब्दालीने परत जाताना नेलेल्या कैद्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा आहे. त्यांना भेटायला जाणे आता कुणालाही सोपे नाही.

हरलेल्यांची तीर्थे

जगात पराभवाच्या जागा जपणारे लोक पुष्कळ आहेत. १३८९ च्या कोसोवोच्या लढाईभोवती सर्बियन लोकांनी आपली सारी लोकगीते गुंफली. आर्मेनियन लोकांचे दुःख तर आणखी वेगळे. त्यांची अनी ही मध्ययुगीन राजधानी आज तुर्कस्तानच्या हद्दीत आहे. तिथले १००१ मध्ये पूर्ण झालेले भव्य चर्च १३१९ च्या भूकंपात घुमट कोसळून उघडे पडले, ते तसेच उभे आहे. १९९३ मध्ये सीमा बंद झाल्यावर कित्येक वर्षे आर्मेनियातल्या लोकांना नदीच्या अलीकडच्या काठावरून ते भग्न चर्च लांबूनच पाहावे लागले. तरी ते पाहायला जात राहिले, मुलांना बोट दाखवून सांगत राहिले.

आपल्याला मधे ना सीमा, ना नदी. एक रात्र आणि एक दिवसाची गाडी, पुढे दोन तासांची बस. असे असूनही काला अंब इतकी वर्षे हरियाणवाल्यांनीच सांभाळला. २०२५ च्या १४ जानेवारीला महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस तिथल्या शौर्यदिनाला हजर राहिले आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात पानिपतला स्मारक उभारण्याची घोषणा झाली. स्मारक व्हावे, जरूर व्हावे. फक्त त्यात घोड्यावरच्या पुतळ्यांबरोबर 'खुर्द्या'लाही जागा असावी. आचारी, भिस्ती, दासी, यात्रेकरू यांची यादी कुठे सापडणार नाही, पण एक कोरी भिंत तरी त्यांच्यासाठी सोडता येईल.

जायचे तर असे जावे

दिल्लीहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. काश्मिरी गेटच्या बसस्थानकावरून हरियाणा रोडवेजच्या बसेस सतत सुटतात, अंबाल्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या पानिपत जंक्शनला थांबतात. गावातून काला अंबला रिक्षा करावी लागते, जाऊन-येऊन आणि थांबण्याचे पैसे आधी ठरवून घ्यावेत. डिसेंबर-जानेवारीत दुपारपर्यंत धुके उठत नाही आणि थंडी हाडांत शिरते. पण खरे तर याच दिवसांत जावे. अंगात दोन स्वेटर, पोटात गरम पराठा असतानाही जी थंडी सहन होत नाही, तिच्यात त्या माणसांनी उपाशीपोटी काय केले हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पानिपतचे संग्रहालय पाहण्यासारखे आहे, मात्र ते कोणत्या दिवशी बंद असते याची चौकशी करून निघावे. १५२६ च्या पहिल्या लढाईत पडलेल्या इब्राहिम लोदीची कबर तहसील कचेरीजवळ एका साध्या चौथऱ्यावर आहे. ज्याने त्याला हरवले त्या बाबराने बांधलेली काबुली बाग मशीद गावातच आहे. राजाचा चौथरा आणि जेत्याची मशीद एकाच दिवशी पाहिली की इतिहास कोण लिहितो हे नीट कळते. बू अली शाह कलंदर यांच्या दर्ग्यात सर्व धर्मांचे लोक येतात, उर्दू कवी अल्ताफ हुसेन हाली यांची कबरही तिथेच आहे. खरेदी करायची तर पानिपतच्या घोंगड्या, चादरी, सतरंज्या प्रसिद्ध आहेत. जगभरातले जुने लोकरी कपडे इथे येतात, उसवले जातात आणि त्यांच्या सुतातून नवी ब्लँकेटे विणली जातात. पचरंगी लोणच्याची बरणीही बरोबर घ्यावी, मात्र झाकण घट्ट आहे ना ते पाहून.

आणि निघण्यापूर्वी देवी मंदिराकडे एक फेरी मारावी. मोठ्या तलावाच्या काठी हे मंदिर आहे. त्याला लागून एक शिवालय आहे. ते मंगल रघुनाथ नावाच्या मराठ्याने बांधले असे मानतात. लढाई संपली, जे वाचले ते दक्षिणेकडे धावले, हा एक मात्र पानिपतातच राहिला. गावी त्याचे कुणी उरले नव्हते, की ज्यांच्याबरोबर आला त्यांना मागे टाकून जाववले नाही, हे त्याने कुठे लिहून ठेवलेले नाही. शिवालय अजून आहे, आणि तिथे रोज दिवा लावणाऱ्यांपैकी कुणाचीच मातृभाषा मराठी नाही.